भुताच्या सिनेमाला घाबरणाऱ्या बाईने लांडग्याचं परीक्षण लिहिलं, त्याची गोष्ट

५ जून २०२४, बुधवार. दुपारी जेवून आडवी झाले होते तेवढ्यात एका छोट्या दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. "ताई, यंदा आपण भय विशेषांक करतोय. तुम्ही सिनेमावर लिहिता ना? एखादा वेअरवुल्फचा, म्हणजे माणसाचा लांडगा होतो तसला, सिनेमा घ्या. मोठ्या बॅनरचा नको, कमी पैशात केलेला बघा. बाराशे शब्द. ३१ ऑगस्टपर्यंत द्या." मी हो म्हणून टाकलं. सहकारी बँकेतून निवृत्त होऊन मला चार महिने झाले होते, आणि त्या काळात मला कुणी काहीही काम सांगितलं असतं तरी मी हो म्हणाले असते.

फोन ठेवल्यावर घाम फुटला. मी लिहिते ते कौटुंबिक सिनेमांवर, फार तर एखाद्या रहस्यपटावर. भयपट शेवटचा पाहिला तो १९९२ साली, 'जुनून'. राहुल रॉयचा पौर्णिमेला वाघ होतो तो. तोही अर्धाच, कारण मध्यंतरात बाहेर पडून सायकल स्टँडवर शेंगदाणे खात बसले आणि मैत्रिणी बाहेर येईपर्यंत तिथून हलले नाही. असल्या माणसाने परीक्षण कसं लिहायचं हे मला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून हे लिहितेय.

माझा भाचा मंदार इंग्लंडात लेस्टरला असतो. त्याला विचारलं. तो म्हणाला, "आत्या, 'डॉग सोल्जर्स' बघ. तुला सैनिकांचे सिनेमे आवडतात ना, अर्धा तोच आहे." २००२ चा ब्रिटिश सिनेमा, नील मार्शलचा पहिलाच. लिहिलाही त्यानेच, दिग्दर्शनही त्याचंच आणि संकलनही. पैसे कमी असले की एका माणसाच्या डोक्यावर किती टोप्या बसतात ते आमच्या बँकेच्या तालुका शाखेत मी तीस वर्षं बघितलेलं आहे, त्यामुळे इथेच मला सिनेमाबद्दल थोडी माया वाटली.

आता मिळवायचा कुठे? माझ्याकडे जे दोन ओटीटी आहेत त्यांवर सापडला नाही. फोनवर कुणीतरी पाठवलेल्या लिंकवरून बघायचा नव्हता. मंदारने सांगितलं की याच्या चांगल्या प्रतीची वेगळीच गोष्ट आहे. मूळ निगेटिव्ह बरीच वर्षं सापडत नव्हतं. २०१५ मध्ये अमेरिकेत ब्लू-रे, म्हणजे डीव्हीडीच्या पुढची डिस्क, निघाली ती थिएटरच्या प्रिंटांवरून केलेली. पुढे निगेटिव्ह सापडलं आणि २०२२ मध्ये त्यावरून नवी ४के, म्हणजे आणखी स्पष्ट चित्राची, प्रत ब्रिटनमध्ये निघाली. परीक्षण लिहायचं तर तीच बघावी असं मी ठरवलं. आता वाटतं, हा नवशिकेपणाचा थाट होता. पण त्याशिवाय पुढचं काही घडलं नसतं.

१२ जूनला ऑर्डर केली. डिस्कचा संच साधारण २,७०० रुपये, पाठवणावळ १,३५०. मंदार म्हणत होता, डिसेंबरात येतो तेव्हा बॅगेतून आणतो. पण दिवाळी डिसेंबरापर्यंत थांबत नाही. तुमच्याकडे वेळ असेल तर मात्र येणाऱ्याजाणाऱ्याच्या बॅगेतूनच मागवा, कारण आता खर्चाचा खरा भाग येतो.

पार्सल २४ जूनला मुंबईत पोचलं आणि तिथेच बसलं. ट्रॅकिंगवर रोज एकच ओळ: कस्टम्सकडे प्रलंबित. मी रोज सकाळी चहाबरोबर ती ओळ वाचायचे. ३ जुलैला सहज म्हणून ईमेलचा स्पॅमचा कप्पा उघडला तर कुरिअरवाल्यांची चार पत्रं तिथे पडलेली. ओळख पटवण्यासाठी आधार किंवा पॅन अपलोड करा, खरेदीचं बिल जोडा, वस्तू स्वतःच्या वापरासाठी आहे की विक्रीसाठी ते लिहा. शेवटचं पत्र जरा दमात घेणारं होतं, उत्तर आलं नाही तर पार्सल परत जाईल म्हणून. नऊ दिवस माझ्याच गलथानपणामुळे गेले. परदेशातून काही मागवलंत तर पहिल्या दिवसापासून स्पॅम बघत जा. आणि पॅनवरचं नाव आणि पार्सलवरचं नाव अक्षर न अक्षर जुळतंय ना, हेही बघा. माझं पार्सल माहेरच्या आडनावाने आलं होतं, कारण ऑर्डर मंदारने केली आणि त्याच्या लेखी आत्याचं आडनाव तेच. मग एक स्वयंघोषणापत्र. साध्या कागदावर, सही करून, फोटो काढून. मी आयुष्यभर लोकांकडून असली घोषणापत्रं लिहून घेतली, त्या सगळ्यांची त्या दिवशी आठवण झाली.

कर आणि हाताळणी शुल्क मिळून ३,१८० रुपये झाले, म्हणजे डिस्कच्या किमतीपेक्षा जास्त. भरले. १२ जुलैला भर पावसात माणूस पार्सल घेऊन आला. बाहेरचं पुठ्ठ्याचं खोकं भिजलं होतं, आतला संच मात्र कोरडा. झाकणावर दात विचकलेलं तोंड. मी ते देवघराकडे पाठ करून ठेवलं.

संध्याकाळी आमचा २०१३ चा ब्लू-रे प्लेअर पुसून टीव्हीला जोडला. डिस्क आत गेली, घरघर झाली आणि पडद्यावर पाटी आली: ही डिस्क या विभागात चालणार नाही. ब्लू-रेचे तीन विभाग असतात हे मला त्या दिवशी कळलं. अमेरिका ए, ब्रिटन-युरोप बी, आणि आपण सी. संचात दुसरी डिस्क ४के ची होती. तिला विभागाची भानगड नसते, कुठेही चालते. पण तिला ४के चा प्लेअर लागतो आणि माझा त्या मानाने आजोबा. सात हजार दोनशे तीस रुपये खर्चून मी घरात एक सुंदर खोकं आणलं होतं.

सुटका समोरच्या फ्लॅटमधून झाली. उषावहिनींच्या ओंकारकडे गेम खेळायचा प्लेस्टेशन ५ आहे, डिस्कवाला. तो म्हणाला, "काकू, यावर चालेल की." चाललीही. मला नवा प्लेअर घ्यायचाच विचार होता, तो खर्च वाचला. असं काही अडलं तर आधी आसपासच्या कॉलेजच्या पोरांना विचारा, मग दुकानात जा.

पण ओंकारची परीक्षा, आषाढी, वहिनींचे उपास या सगळ्यात रिकामा रविवार सापडला तो २१ जुलैचा. त्या दिवशी गुरुपौर्णिमा. वहिनी म्हणाल्या, "पौर्णिमेला हे असलं बघायचं?" ओंकार म्हणाला, "आई, पौर्णिमेलाच बघायचं असतं." रात्री नऊला बसलो. वहिनी मेथी निवडायला घेऊन बसल्या, म्हणजे नजर खाली ठेवायला कारण. मी वही आणि पेन. खरं तर माझंही तेच कारण.

गोष्ट थोडक्यात सांगते. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात सहा ब्रिटिश सैनिक सरावासाठी उतरतात. त्यांना आपण फुटबॉलची मॅच चुकवतोय याचंच जास्त दुःख. रात्री शेकोटीभोवती बसलेले असताना वरच्या कड्यावरून फाडलेली गाय थेट त्यांच्यात येऊन पडते. पुढे लष्कराच्या दुसऱ्या तुकडीचा उद्ध्वस्त तळ, त्यातला एकच वाचलेला कॅप्टन, मग पाठलाग, मग मेगन नावाची बाई तिच्या गाडीतून त्यांना एका एकाकी शेतघरात नेते. उरलेली रात्र त्या घरात. दारं-खिडक्या ठोकायच्या, गोळ्या मोजायच्या, पहाट व्हायची वाट बघायची.

पहिला अर्धा तास माझ्या वहीत फक्त "बाप रे" तीन वेळा लिहिलेलं आहे. सैनिकांचे उच्चार इतके वेगळे की सबटायटल लावल्याशिवाय एक वाक्य कळेना, मग ती लावली. तुम्हीही लावा, त्यात लाज नाही. आणि मग ती गाय पडली. वहिनींच्या हातातली मेथीची काडी सोफ्यावर उडाली. मी किंचाळले. त्यानंतर आम्ही दोघी हसत सुटलो आणि माझी भीती कुठेतरी ढिली झाली, ती पुढे पूर्ण आवळलीच नाही.

एक प्रसंग सविस्तर सांगते, कारण माझं सगळं परीक्षण शेवटी त्याभोवती उभं राहिलं. सार्जंट वेल्स, म्हणजे शॉन पर्टवी, याचं पोट लांडग्याने फाडलंय. आतडी बाहेर. त्याला वरच्या खोलीत पलंगावर निजवलंय. औषध नाही, डॉक्टर नाही. दारू पाजतात आणि जखम चिकटवायला सुपरग्लू. तोच, आपल्याकडे पानपट्टीवर टांगलेला असतो तसला. वेल्स ओरडतो, शिव्या देतो, दारू मागतो, मधेच विनोद करतो, आणि शेवटी कूपरला, म्हणजे केव्हिन मॅकिडला, विनवतो की मला बुक्की मारून बेशुद्ध कर. कूपर मारतो. खोलीत एक दिवा, दोन माणसं, एक मुलगी, थोडं लाल रंगवलेलं काहीतरी. लांडगा कुठेच नाही. एवढ्या पूर्ण सिनेमात माझा हात तोंडावर गेला तो इथे. आणि पुढे घरातलं कुत्रं त्याच्या जखमेची लोंबणारी पट्टी तोंडात धरून ओढायला लागतं तेव्हा वहिनी, ज्या आयुष्यात कधी असल्या गोष्टीला हसल्या नसत्या, त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

सिनेमा १०५ मिनिटांचा. संपला तेव्हा अकरा वाजून गेले होते. शेवटी वर्तमानपत्राचं पान येतं, पलटणीला लांडग्यांनी खाल्ल्याची मोठी बातमी, आणि त्याच्या शेजारी इंग्लंड ५, जर्मनी १. ओंकार सोफ्यावरून उठून उभाच राहिला. १ सप्टेंबर २००१ ला म्युनिकमध्ये खरंच तसं झालं होतं म्हणे. म्हणजे बिचारे ज्या मॅचसाठी रात्रभर हळहळत होते ती त्यांनी चुकवली. मला एकटीला हे जन्मात कळलं नसतं. म्हणून परीक्षण लिहायचा सिनेमा एकट्याने बघू नये. चमच्यावरचा एक विनोदही त्यानेच समजावला.

घरी यायला मला आमचा व्हरांडा ओलांडायचा होता, सात पावलं. ओंकार टॉर्च घेऊन सोडायला आला. चंद्र ढगाआड होता, बरं झालं.

दुसऱ्या दिवशी लिहायला बसले आणि लक्षात आलं की वहीत काहीच नाही. "बाप रे" तीन, "गाय", "गोंद", "कुत्रं गोड". भीती वाटत असताना टिपणं होत नाहीत. मग तीन-चार दिवसांनी, ओंकार कॉलेजला गेल्यावर, वहिनींच्या परवानगीने पुन्हा बघितला, या वेळी आवाज पूर्ण बंद करून. आठवड्याभरात कृष्णेचं पाणी वाढायला लागलं होतं, सांगलीत जो भेटेल तो आयर्विन पुलाजवळची पातळी किती फूट हेच विचारत होता, आणि मी दिवसाढवळ्या लांडगे थांबवून थांबवून बघत होते.

आवाज गेला की सिनेमा उघडा पडतो. लांडगा म्हणजे उंच माणसं, त्यांच्या अंगावर केसाळ पोशाख आणि डोक्यावर यंत्राने हलणारं तोंड. मार्शलने त्यासाठी नर्तक घेतले होते आणि त्यांना पायांखाली उंची दिली होती, म्हणून चाल माणसासारखीही वाटत नाही आणि जनावरासारखीही. संगणकाने रंगवलेला लांडगा नाही. पण त्या पोशाखाकडे टक लावून बघितलं तर तो पोशाखच दिसणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे मागून उजेड, समोर धूर, चौकटीत अर्धं डोकं, एक पंजा, की लगेच कट. मी स्टॉपवॉच लावून लांडगा एकूण किती वेळ दिसतो ते मोजायला घेतलं आणि दहा मिनिटांत सोडून दिलं. पंजा धरायचा का? सावली धरायची का?

माणसाचा लांडगा होताना तर जवळजवळ दाखवतच नाहीत. माणूस आडोशाला जातो, वर येतं ते जनावर. १९८१ साली 'ॲन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन'मध्ये रिक बेकरने हेच काम लख्ख उजेडातल्या खोलीत, हाडं लांबताना दाखवत केलं होतं आणि रंगभूषेचं नव्याने सुरू झालेलं ऑस्कर पहिल्यांदा मिळालं ते त्यालाच. मार्शलकडे ते पैसेही नव्हते आणि तेवढा वेळही. त्याने दार लावून घेतलं. मला स्वतःला दार लावलेलं जास्त चाललं, पण हे घाबरटाचं मत म्हणून बाजूला ठेवा.

सिनेमा सुपर १६ वर चित्रित झालाय, म्हणजे नेहमीच्या ३५ मिमी पेक्षा लहान, स्वस्त फिल्म. पडद्यावर रवा सांडल्यासारखे दाणे दिसतात. एवढी जपून केलेली ४के प्रत आणि त्यात दाणे, म्हणून आधी मला फसवल्यासारखं झालं. नंतर कळलं, दाणे मुळातच आहेत, पुसले असते तर चेहरे मेणाचे झाले असते. आणि ते स्कॉटलंडचं जंगल बहुतांश लक्झेम्बर्गमधलं आहे. पैसे जिथे मिळाले तिथलं जंगल.

पहिला खर्डा १० ऑगस्टला पाठवला. दोन दिवसांनी संपादकांचा फोन. "ताई, गोष्ट वाचून झाली. आता परीक्षण पाठवा." बाराशेतले आठशे शब्द मी कथा सांगण्यात घालवले होते. राग आला, मग मोजून बघितलं, आठशे चाळीस होते. नव्याने लिहिताना एक युक्ती उपयोगी पडली: कागदाच्या एका बाजूला "मला काय झालं" आणि दुसऱ्या बाजूला "त्यांनी काय केलं". गायीला मी किंचाळले ही डावी बाजू. त्याआधी सैनिकांना पाच-सहा मिनिटं गप्पा मारू दिल्या, आपल्याला त्यांच्यात बसवलं, मग गाय टाकली, ही उजवी. डावी बाजू कापत गेले. न आवडलेलंही तिकडेच सापडलं. गोठा उडवून द्यायचा एवढा मोठा घाट घालतात आणि नंतर कळतं की लांडगे त्यात नव्हतेच, तिथे मला उगाच पळवल्यासारखं वाटलं. मेगनचं गुपित उघड होतं तेव्हा तिच्या तोंडी बायकांच्या महिन्याच्या दिवसांवरचा विनोद घातलाय, तो तर अगदीच बालिश. स्वयंपाकघरात स्पून नावाचा पोरगा ताटल्या-तव्यांनी एका लांडग्याशी एकटा भिडतो, त्यासाठी मात्र मी अख्खा परिच्छेद दिला. स्वयंपाकघरातली भांडणं मला कळतात.

खरा घोळ झाला शब्दावरून. वेअरवुल्फला मराठीत काय म्हणायचं? संपादकांनी सुचवलं "लांडगामानव", ते मला एखाद्या कॉमिकसारखं वाटलं. एका जाणत्या मैत्रिणीने सांगितलं की जुन्या इंग्रजीतला 'वेर' म्हणजे पुरुष, आणि तो शब्द आपल्या 'वीर'चा दूरचा भाऊ. 'वुल्फ' हा संस्कृत 'वृक'चा. म्हणजे वेअरवुल्फ म्हणजे वीरवृकच की. भीमाला वृकोदर म्हणतात, लांडग्यासारखं पोट असलेला, हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण मला ते इतक्या वर्षांत जोडायचं सुचलं नव्हतं. शेवटी "नरवृक" ठरलं. त्यावरून तीन फोन झाले.

त्याच गडबडीत आजी आठवली. तिचं माहेर आटपाडीकडचं, माळरान, मेंढ्या. लांडग्याच्या गोष्टी तिच्याकडे भरपूर होत्या. कोकरू कसं नेलं, कुत्री कशी मागे लागली, धनगर रात्रभर कसे हाकारत बसले. पण लांडगा माणूस होतो किंवा माणूस लांडगा होतो असं तिने एकदाही सांगितलं नाही. त्यासाठी तिच्याकडे मुंजा होता, हडळ होती. लांडगा रोजचा चोर होता, त्याला भूत कशाला करायचं? स्कॉटलंडमध्ये रानातले लांडगे संपून दोन-तीनशे वर्षं झाली, आणि तिथे तो पौर्णिमेला दोन पायांवर उभा राहतो. हा परिच्छेद संपादकांनी न कापता ठेवला, एवढाच एक.

२९ ऑगस्टला पक्का लेख गेला, मुदतीच्या दोन दिवस आधी. अंक दिवाळीत हातात आला. लेख पान ११८ वर. चित्रकाराने सुंदर चित्र काढलं होतं, फक्त शेपटी आणि तोंड बघता तो कोल्हा होता.

मानधनासाठी पॅनची प्रत, रद्द केलेला चेक आणि खात्याचा तपशील सप्टेंबरातच मागवला होता. पैसे डिसेंबरात आले, पंधराशे. मंदार नेमका तेव्हाच आला, रिकामी बॅग घेऊन. व्हाउचर सहीसाठी आलं, त्यावर तपशिलाच्या रकान्यात त्यांच्या हिशेबनिसाने लिहिलं होतं: "लांडगा (लेख), १ नग." पाच हजारांच्या आतल्या पावतीला रेव्हेन्यू तिकीट लागत नाही हे मला तीस वर्षांच्या नोकरीनंतर कुणी सांगायला नको, पण तिकिटाचा चौकोन रिकामा बघवेना. कपाटातून एक रुपयाचं तिकीट काढलं, चिकटवलं आणि त्याच्यावरून आडवी सही केली.